पत्राला दंडाधिकाऱ्याचा आदेश, मोबाइलला पोलीस ठाण्याचा

जुन्नर तालुक्यातल्या ओझरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र टपाल खात्याच्या ताब्यात आहे आणि पोलिसांना ते तपासासाठी हवं आहे, असं समजा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 95 नुसार त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांच्यापैकी कुणाचा तरी आदेश लागतो. त्याच ओझरकराचा मोबाइल आणि त्यातली डिजिटल कागदपत्रं मात्र कलम 94 खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःच्या लेखी आदेशाने मागवू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेत इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असू शकणारी उपकरणं या कलमात स्पष्टपणे घातली गेली. न्यायालयाची पायरी मात्र घातली गेली नाही.

या अधिकाराचे समर्थक पहिला मुद्दा काढतात तो वेगाचा, आणि तो पोकळ नाही. 11 ऑगस्ट 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 13 तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. एकूण 94 कोटींहून अधिक गेले. अशा गुन्ह्यात तपास अधिकाऱ्याला चार दिवस थांबायला सांगणं म्हणजे चोराला वाट मोकळी करून देणं, असं म्हणतात.

पण इथे दोन वेगळी कामं एकत्र केली जातात. पैसा किंवा पुरावा अडवून ठेवणं हे एक काम, आणि माणसाचा खासगी व्यवहार उघडून वाचणं हे दुसरं. घाई पहिल्याला आहे. फसवणूक झालेल्याने 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन केला की धडपड असते ती पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवण्याची. त्यासाठी कुणाचे संदेश वाचावे लागत नाहीत.

टपालाच्या बाबतीत कायद्याने हा फरक केव्हाच ओळखला आहे. कलम 95 च्याच दुसऱ्या पोटकलमानुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक टपाल खात्याला पत्र शोधून अडवून ठेवायला सांगू शकतात; ते ताब्यात द्यायचं की नाही, हे वरचा आदेश आल्यावर ठरतं. आधी राखा, मग परवानगीने उघडा. हीच रीत सर्व्हरवरच्या माहितीला का चालू नये?

न्यायालयांवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही दुसरी सबब. पण नव्या संहितेत कलम 94 चा आदेशच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढता येतो. पोलिसांचा आदेश ईमेलने कंपनीला जाऊ शकत असेल, तर त्यांचा अर्जही ईमेलने जुन्नरच्या न्यायालयात जाऊ शकतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय: ज्याने काही केलं नाही, त्याला भीती कसली? ओझरच्या विघ्नहर गणपतीच्या मंदिराबाहेर पेढ्यांच्या दुकानात क्यूआर कोड लावलेला असतो. चतुर्थीला त्यावर शेकडो अनोळखी भाविकांचे पैसे जमा होतात. त्यातला एक संशयित निघाला आणि त्या खात्याचा सगळा व्यवहार मागवला, तर गुन्ह्याशी सुतराम संबंध नसलेल्या बाकीच्यांच्या नोंदीही फाइलीत जातात. पुढे त्या कुणाच्या हाती पडतील? 2018 मध्ये ठाणे पोलिसांनीच लोकांच्या कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. ही भीती हवेतली नाही.

आणि हा अधिकार कधीच सगळीकडे सारखा नव्हता. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, योगायोगाने कलम 94 मध्येच, ठाण्याच्या अधिकाऱ्याला तो होता तो फक्त कलकत्ता आणि मुंबई शहरांच्या हद्दीबाहेर. मुंबईकराला न्यायालयाचं संरक्षण, जुन्नरच्या शेतकऱ्याला पोलिसांचा आदेश! वसाहतीच्या काळातला तो पंक्तिप्रपंच संपला, पण न्यायालयाचं संरक्षण जुन्नरला देण्याऐवजी मुंबईचंच काढून घेऊन.

अमेरिकेत सरकारी वकील समन्स काढून पुष्कळ माहिती मागवू शकतात. तरीही 2018 च्या कार्पेंटर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोबाइलच्या ठावठिकाण्याच्या जुन्या नोंदींसाठी सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल असं ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर सहा वर्षांनी संसदेत मंजूर झालेल्या संहितेत त्याची खूण दिसायला हवी होती.

खातेदाराचं नाव आणि नोंदणीचा पत्ता ठाण्याच्या आदेशावर जरूर मिळावा. त्यावाचून तपास पुढे सरकणार नाही. पण संदेश, छायाचित्रं, ठावठिकाणा आणि आख्खा मोबाइल यांच्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा कारणांसहित आदेश हवा, आणि ज्याची माहिती घेतली त्याला यथावकाश ते कळवायला हवं. संसदेने कलम 94 मध्ये ही दुरुस्ती करावी, आणि जुन्नर-आंबेगावच्या मतदारांनी ती आपल्या खासदाराकडे मागावी.