कोऱ्या मेणखडूची किंमत

ज्या घरी खेळ कधी खेळलाच गेला नाही, त्या घरच्या खेळाला बाजारात सर्वांत जास्त भाव मिळावा, हा कोणत्या गावचा न्याय, असे मी गेली कित्येक वर्षे विचारीत आलो आहे. ज्यांना विचारतो ते हसतात आणि बोली वाढवतात. म्हणून आज ही फिर्याद दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे आणली आहे. फराळाचे ताट जवळ ओढून घ्या आणि निवाडा करा.

फिर्याद अमेरिकेतल्या एका खेळासंबंधी आहे. नेमके सांगायचे तर त्या खेळाच्या जाहिरातीपायी निघालेल्या कागदांसंबंधी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. यात पट लागत नाही. एकजण कथा सांगतो, म्हणजे आपले पुराणिकबुवा आणि क्रिकेटचा पंच यांचे ते मिश्रणच समजा. बाकीचे कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी भुरटा चोर. "मी दार उघडतो" असे म्हणायचे आणि फासा टाकायचा. दारामागे खजिना की राक्षस, ते बुवा सांगणार. फासेही चार बाजूंपासून थेट वीस बाजूंपर्यंतचे! पहिल्या खेपेस 1000 पेट्या निघाल्या. वर लाकडासारखा दिसणारा कागद, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत 10 डॉलर. त्या पेट्या घरच्या घरी हातांनी भरल्या होत्या, आणि वर्षाच्या आत त्या संपल्या.

असला अपूर्व खेळ नुसता दुकानात मांडून काय कळणार? तो समजावून सांगावा लागे. म्हणून पत्रके निघाली, सूचिपत्रे निघाली, बिल्ले निघाले, मेळाव्यांच्या कार्यक्रमपत्रिका निघाल्या. मेळावे तर खेळाच्याही आधीचे. 1968 साली गायगॅक्सने गावातले हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेऊन लढाईच्या खेळांच्या शौकिनांना गोळा केले, त्याचेच पुढे 'जेन कॉन' झाले. हे सारे कागद वाटण्यासाठी होते, घडी करून खिशात कोंबण्यासाठी होते. मी शिकागोजवळ राहतो, आणि माझ्या घरी अशा कागदांची एक ट्रंक आहे. तेव्हा मी संग्राहकांचा शत्रू म्हणून बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता मासला पाहा. 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला. पेट्या तर विकायच्या होत्या! मग पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेला पुठ्ठा घातला आणि सोबत फासे मागवण्याचे कुपन दिले. पोरांनी आकडे कातरायचे, पेल्यात टाकायचे आणि न बघता एक उचलायचा. आज बाजारात पहिला प्रश्न हा, की पुठ्ठा अखंड आहे ना? कुपन शाबूत आहे ना? म्हणजे ज्या पोराने कात्री घेतली, आकडे कापले, त्या रात्री भुयारात शिरून राक्षसाशी झुंज दिली, त्याने पेटीची किंमत घालवली. आणि ज्याने कंटाळून पेटी माळ्यावर फेकली, तो इतिहासाचा रक्षक ठरला! पुढे फासे आले तेही आकडे न रंगवलेले. सोबत एक मेणखडू असे. तो आकड्यांच्या खाचांत घासायचा आणि वरचे मेण पुसून टाकायचे. तो खडू कोरा असला तर भाव चढतो. जगात कोऱ्या खडूबद्दल शाबासकी मिळते ती फक्त इथेच. शाळेत आम्हाला त्याबद्दल छडी मिळत असे.

यावर कडी म्हणजे प्लास्टिकची पेटी. कागद तज्ज्ञाकडे पाठवायचा, त्याने त्याला दहापैकी गुण द्यायचे आणि कायमचा कडेकोट बंद करून परत पाठवायचा. कॉमिक्स आणि खेळाडूंची चित्रे यांच्या बाजारात वाढलेली ही रीत आता इकडेही शिरू पाहते आहे. छापील मजकूर वाचायचा नाही, हीच त्याच्या अस्सलपणाची अट! न उघडलेल्या वेष्टनाची तर आणखीच गंमत. गरम हवेच्या यंत्राने नवे वेष्टन चढवता येते, हे लबाडांना चांगले ठाऊक आहे. खरे-खोटे पाहायला ते फोडावे लागेल, आणि फोडले की भाव गेला.

हानी कसली होते, ते एका पुस्तिकेवरून सांगतो. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट इथे 1986 साली राष्ट्रीय उद्यान-महोत्सव झाला. पोलादाचा जुना कारखाना बंद पडलेला, जमीन ओसाड. तिथे बागा फुलवून गावाला पुन्हा उभे करावे, अशी ती सरकारी योजना. त्या महोत्सवासाठी या खेळाच्या इंग्रज शाखेने 'अप द गार्डन पाथ' नावाची एक साहसकथा काढली. आज ती या छंदातल्या अतिदुर्मीळ वस्तूंत गणली जाते. पण तिच्याबद्दल बोलणाऱ्यांना किंमत तोंडपाठ असते. कारखाना, बेकारी, बागा यांतले अवाक्षरही ठाऊक नसते. बंद गिरण्यांच्या जागा पाहिलेल्या मुंबईकराला तरी त्या पुस्तिकेचे मोल निराळे वाटले असते. ती वाचली तर ना!

"पण पैसा नसता तर हे कागद रद्दीत गेले असते," असे मला सुनावण्यात येते. खरे आहे. भाव कळल्यामुळेच कित्येक माळ्यांवरची खोकी वाचली. परंतु वाचवलेला कागद पुन्हा वाचूच द्यायचा नसेल, तर रद्दीवाल्याने काय घोडे मारले होते? जॉन पीटरसन यांनी 2012 साली या खेळांचा जाडजूड इतिहास लिहिला, तो जुनी पत्रे आणि हौशी मंडळींनी काढलेली नियतकालिके चाळून. ते कागद उघडे होते म्हणून हे साधले. पेन्सिलीने लिहिलेली नावे, पुसून पुन्हा मांडलेले गुण, समासात "हा नियम चालणार नाही" अशी तक्रार, यांना बाजार 'डाग' म्हणतो. मला विचाराल तर, खेळ कसा खेळला गेला याची साक्ष तेवढे डागच देतात.

माझ्याकडच्या एका पेटीतला पुठ्ठा कापलेला आहे. तीनचा आकडा हरवला म्हणून कुणीतरी बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा कापून त्यावर निळ्या शाईने तीन लिहिला आहे. परवा एका व्यापारी गृहस्थांनी तो तुकडा काढून टाकण्याचा सल्ला दिला. पेटी जरा बरी दिसेल म्हणाले. मी त्यांना म्हटले, रविवारी सायंकाळी या, आमच्याकडे एक गडी कमी पडतो आहे.