पर्सिमनचा ड्रायव्हर

पळस्पे फाट्यावर ‘ड्रायव्हर’ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो मालमोटारीचा चालक. पुण्याचा रस्ता आणि गोव्याचा रस्ता येथे एकमेकांचा निरोप घेतात आणि कंटेनरची रांग रात्रंदिवस सरकत असते. याच परिसरात, खारघरच्या डोंगरपायथ्याशी, सिडकोने उभारलेले गोल्फचे मैदान आहे. तेथे मात्र ‘ड्रायव्हर’ म्हणजे खेळाडूच्या पिशवीतील सर्वांत लांब काठी. टी नावाच्या लहानशा खुंटीवर ठेवलेला चेंडू दूरवर धाडण्यासाठी ती वापरली जाते.

आजच्या ड्रायव्हरचे डोके टायटॅनियमचे किंवा कार्बनचे आणि आतून पोकळ असते. त्याची लाकडी पूर्वज काठी आता दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. तरीही जगभरातील अनेक जाणकार ती शोधून काढतात, दुरुस्त करून घेतात आणि हौसेने खेळतात. या ओढीमागे जुन्या आठवणी आहेतच. पण तिचे खरे कारण त्या काठीच्या घडणीत आहे.

हे लाकूड पर्सिमन नावाच्या अमेरिकन वृक्षाचे. ज्याच्या पानांचा मोठा व्यापार गोंदिया-गडचिरोलीकडे चालतो, त्या तेंदूचा, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा, हा सगोत्र. काळेभोर आबनूसही याच कुळातले. पर्सिमन कठीण आणि दाट असल्यामुळे मागाचे धोटे आणि बूट शिवण्याचे लाकडी साचे त्यापासून बनत. ओहायो राज्यातील डेटन गावी असे साचे घडवणाऱ्या एका कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच चरकावर गोल्फच्या काठ्यांची डोकी कातायला आरंभ केला. पुढे मॅकग्रेगर या नावाने तो जगप्रसिद्ध झाला. एका धंद्यातील यंत्र आणि हातोटी दुसऱ्या धंद्यात कशी फळते, याचे हे चांगले उदाहरण होय. 1927 साली अमेरिकन ओपन जिंकणारे टॉमी आर्मर यांच्या नावाने मॅकग्रेगरने काढलेले लाकडी ड्रायव्हर आजही संग्राहकांच्या पसंतीचे आहेत.

अशा डोक्याची रचना साधी दिसते, पण तिच्यात पुष्कळ मेहनत असते. भरीव ठोकळा कातून आकार द्यायचा, चेंडू लागणाऱ्या दर्शनी भागात कठीण चकती बसवून ती स्क्रूने आवळायची, तळाला धातूची पट्टी लावायची, तिच्याखाली शिसे ओतून वजन जुळवायचे आणि मानेवर दोरा घट्ट गुंडाळायचा. दर्शनी भाग सपाट नसतो. त्याला किंचित फुगवटा असतो. मधोमध न लागलेला चेंडू हवेत वळतो. त्याला थोडेफार मार्गावर आणण्याचे काम हा फुगवटा करतो.

मात्र या साहाय्याला मर्यादा आहे. भरीव लाकडाचे वजन मध्याजवळ एकवटलेले असते. फटका थोडा बाजूला लागला की डोके हातात पिळवटते, चेंडू अंतर गमावतो आणि तळव्यांना झिणझिण्या येतात. नेमका मध्यावर लागला, तर हातांना जवळजवळ काहीच जाणवत नाही. ऐकू येतो फक्त एक घुमदार, मऊ ठोका. पोकळ धातूच्या डोक्यात वजन कडांकडे नेता येते, त्यामुळे ते कमी पिळवटते आणि चुकलेला फटकाही बराचसा निभावून जातो.

हा फायदा ओळखूनच गॅरी अ‍ॅडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने 1979 मध्ये पोलादी डोके बाजारात आणले आणि त्याला गमतीने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ हे नाव मिळाले. 1991 मध्ये कॅलवेची ‘बिग बर्था’ आली आणि डोक्यांचा आकार वाढू लागला. अखेर नियमकर्त्यांना 460 घन सेंटिमीटरची कमाल मर्यादा घालावी लागली. लाकडी डोके याच्या निम्म्याहूनही लहान असे. 1993 मध्ये बर्नहार्ड लँगर यांनी लाकडी ड्रायव्हर घेऊन मास्टर्स जिंकली, तेव्हा त्या युगाचा शेवट जवळ आला होता.

अंतराच्या हिशेबात नवी काठी सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. नवशिक्याने तीच घ्यावी. पण अंतर हे एकच माप नव्हे. रोजमेळ दररोज संध्याकाळी जुळवणाऱ्या पेढीला रुपयाची चूक त्याच दिवशी सापडते. वर्षअखेरीस एकदाच वही उघडणाऱ्याला ती सापडेपर्यंत शंभर नोंदींखाली दबलेली असते. लाकडी ड्रायव्हर रोजमेळासारखा आहे. तो चूक झाकत नाही आणि खेळाडूने आपण आहोत त्याहून चांगले खेळतो असा समज करून घ्यावा, याला वाव ठेवत नाही. अनेक जाणते खेळाडू सरावासाठी त्याच्याकडे परत वळतात ते याच कारणाने.

चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ मैदान 1927 पासूनचे. मुंबईतील ज्या घरांत आजोबा-पणजोबा गोल्फ खेळत, तेथे माळ्यावर अशी काठी सापडणे अशक्य नाही. मुंबईची जागा सोडून पनवेलकडे बिऱ्हाड हलवताना ती भंगारात जाण्याचा धोका अधिक. ती देऊन टाकण्यापूर्वी तळपट्टीवरचे नाव वाचून घ्यावे. पैशांच्या अपेक्षेने मात्र पाहू नये. अशा बहुतेक काठ्यांना फारसा भाव नसतो. नामांकित बनावटीची असल्यास जाणकाराला दाखवण्यापूर्वी घासूनपुसून नवे वार्निश लावू नये, कारण मूळ रंगरूपालाच संग्राहक मोल देतात. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि बंद मोटारीच्या उन्हात तडकते. म्हणून ती घरातील कोरड्या कपाटात ठेवावी. मानेचा दोरा सुटला असल्यास नवा गुंडाळून घ्यावा, स्क्रू सैल नाहीत ना हे पाहावे.

आणि घरात कोणी गोल्फ शिकत असेल, तर सरावासाठीचे कठीण चेंडू टाळून, मऊ चेंडूंवर तिचे दहा फटके त्याला मारू द्यावेत. त्यातले आठ चुकतील. उरलेल्या दोहोंचा ठोका ऐकल्यावर ती काठी ठेवायची की द्यायची, हे त्यालाच ठरवू द्यावे.