सरस की नीरस

झटपट चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब घरात नाही असा गृहस्थ आता साताऱ्यात सापडायचा नाही. तीच ट्यूब आठवड्यानंतर पुन्हा उघडता आली असा गृहस्थही सापडायचा नाही, पण ते असो. माझं भांडण टोपणाशी नाही, या डिंकाच्या भक्तांशी आहे. "एक थेंब टाका, काम खलास!" असं ते सांगत फिरतात. काम खलास होतं, एवढं मात्र खरं.

माझ्या आईचा तंबोरा होता. मिरजेचा. ती गेल्यावर तो साताऱ्याच्या घरात कोपऱ्यात उभा होता. एका उन्हाळ्यात भोपळ्यावरची तबली कडेला उचलली आणि तारा छेडल्या की खरखर येऊ लागली. मी बी.कॉम. असल्यामुळे मला सगळंच येतं. एका रविवारी मी त्या फटीत अख्खी ट्यूब पिळली. तबली चिकटली. माझा अंगठाही चिकटला. कोमट साबणाच्या पाण्यानं अंगठा तासाभरानं सुटला. तबलीला अंगठ्याची अक्कल नव्हती.

मुळात हा डिंक लवकर वाळतो हेच खोटं. वाळते ती खळ, तिच्यातलं पाणी उडून जातं. या सायनोॲक्रिलेटचं उलट आहे. हवेतली, वस्तूवरची ओल लागली की तो घट्ट होतो. म्हणून घामट बोटं आधी चिकटतात आणि कपाचा कान मागाहून! १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता, तेव्हा हे प्रकरण हाताला लागलं. सगळ्यालाच चिकटतं म्हणून त्यानं सोडून दिलं. १९५१ साली त्याच्या प्रयोगशाळेत हेच द्रव्य तपासताना एका महागड्या उपकरणाच्या दोन काचा चिकटून बसल्या, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. १९५८ साली माल बाजारात आला. म्हणजे दुसऱ्याच्या महागड्या वस्तूचं वाटोळं करायची परंपरा जुनीच आहे.

कपाचा कान मोडला, दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसताहेत, तर खुशाल एक थेंब लावा. माझी हरकत नाही. पण फटीत जाड थर भरला की आतपर्यंत ओल पोचत नाही आणि तो नीट घट्टच होत नाही. घट्ट झाला तर काचेसारखा ठिसूळ. लाकूड पावसाळ्यात फुगणार, चैत्रात आक्रसणार. त्याच्याशी याला जुळवून घेता येत नाही.

पुढं माझी बदली सांगलीला झाली. मिरज हाकेच्या अंतरावर. तंबोरा उराशी धरून मी सतारमेकर गल्लीत गेलो. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथं तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हाताऱ्या कारागिरानं तबलीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं पाहिलं. शाखेत खोटी नोट घेऊन येणाऱ्याकडं मी असाच पाहतो.

"साहेब, हे सरसानं जोडलेलं व्हतं. गरम पाण्याचा फडका ठेवला की सुटतंय. तुम्ही लावलंय ते सुटत न्हाई, तुटतंय."

आमच्या बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद घालून ती फिरवता येते. सरसाचंही तसंच. ज्यानं जोडलं त्याला ठाऊक असतं, की पुढं कधीतरी कुणीतरी हे उघडणार आहे. आणि आमचे झटपटवाले? किती सेकंदांत चिकटतं ते तोंडपाठ. कसं सुटेल हे विचारलं की खांदे उडवतात. फार तर म्हणतात, ॲसिटोन लावा. लावून पाहा तंबोऱ्याच्या पॉलिशला!

तबलीच्या कडेची बोटभर पट्टी कापून काढावी लागली. आईचा हात वर्षानुवर्षं टेकून तिथं लाकूड गुळगुळीत झालं होतं. कारागिरानं ती पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. नवी पट्टी सरसानं बसवली आणि सुतळीनं आवळली.

"न्यायला कधी येऊ?" मी विचारलं.

"वाळल्यावर," तो म्हणाला.