बोजा उतरवायचा असेल तर जुना सर्व्हर भंगारात जाऊ देऊ नका

नरखेडकर मंडळी, कर्ज फिटून वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी सातबाऱ्यावर बोजा तसाच. मोवाड-जलालखेड्याकडे हे रडगाणं नवं नाही. बोजा काढायला बँकेचं पत्र लागतं. तालुक्यातल्या एका शाखेत उत्तर मिळतं, "जुनं खातं नव्या सिस्टिममध्ये नाही, जुनी मशीन बंद आहे."

बंद म्हणजे काय, तर स्क्रीन येत नाही! नव्वदच्या दशकात बऱ्याच बँक शाखांत एकच युनिक्स सर्व्हर असायचा आणि काळ्या पडद्याचे टर्मिनल त्याच्या सिरियल पोर्टला जोडलेले. ते पोर्ट अजून आहेत. तीन वायरी पुरतात. पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. पहिल्या दोन बहुधा उलटसुलट जोडाव्या लागतात. लॅपटॉपला यूएसबी-सिरियल केबल, वेग बहुतेक ठिकाणी 9600, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एंटर दाबलं की लॉगिन. अक्षरं वेडीवाकडी आली तर आधी वेग बदलून पाहा.

अर्थात हे अधिकाऱ्यासमोरच व्हावं, आत लोकांची खाती आहेत. आणि आत शिरताच आधी डेटाची कॉपी. जुनी डिस्क कधी बसेल नेम नाही. एवढं न करता मशीन ई-कचऱ्यात काढायची आणि संत्र्यासाठी कर्ज मागणाऱ्याला 1998 ची पावती आण म्हणायचं, हे मला मान्य नाही. रेकॉर्ड बँकेचं, शोधायचं बँकेनं.

ज्यांचा बोजा अडकलाय त्यांनी गट नंबर कमेंटमध्ये टाकू नका. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.