दारावरची वर्गणी

वाचकहो, दिवाळीला आपण दरसाल पैशाच्या चार गोष्टी बोलतो. परंतु यंदाचा पैसा माझा नव्हे. हिच्या माहेरच्या, कोकणातल्या जमिनीचा हिस्सा विकला जाऊन २०२४ च्या डिसेंबरात बारा लाख रुपये तिच्या नावे आले. ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न सिॲटलच्या माझ्या भाच्याने फोनवर एका वाक्यात सोडवला.

"मामा, सगळे कॉस्टकोच्या शेअरांत घाला!"

हे दुकान आम्ही पाहिलेले आहे. दुकान कसले, गोदामच ते! वर उघड्या तुळया, खाली सिमेंटची जमीन, माल खोक्यांसकट मांडलेला. दारात सभासदत्वाचे कार्ड दाखवल्याखेरीज प्रवेश नाही. टूथपेस्टचा गठ्ठा पाहून ही म्हणाली, "एवढी संपेपर्यंत दात राहतील का हो?"

गिऱ्हाइकाने आधी वर्गणी भरावी आणि मग खरेदी करावी, ही युक्ती सॉल प्राइस नावाच्या गृहस्थांनी १९७६ साली सॅन डिएगोत, विमानांच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' काढून चालू केली. कॉस्टकोचे पहिले गोदाम सिॲटलला १९८३ साली उघडले. पुढे १९९३ साली दोघे एक झाले. सभासदांनी मिळून घाऊक भावात माल घेण्याचे आपल्याला नवल नको. आपली मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची! मात्र तिचे शेअर बाजारात विकत मिळत नाहीत.

मी ताळेबंद घेऊन बसलो. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षी विक्री सुमारे २४,९६० कोटी डॉलर, आणि निव्वळ नफा अवघा ७३७ कोटी. म्हणजे शंभराच्या मालामागे तीनसुद्धा नाहीत! पण वर्गणीचे उत्पन्न ४८३ कोटी, आणि व्याज-कर धरण्यापूर्वीचा धंद्याचा नफा ९२९ कोटी. निम्म्याहून अधिक कमाई दारावरच होते म्हणा ना. माल जवळजवळ पडत्या भावात दिला तरच माणसे वर्गणी पुन्हा भरणार. आणि अमेरिका-कॅनडात शंभरातले ब्याण्णव सभासद ती भरतात. जिन्नस चार हजारांच्या आत, त्यामुळे एकेकाची खरेदी प्रचंड आणि माल पडून राहत नाही. इतका सरळ धंदा मी क्वचित पाहिला. भाच्याला दुकान कळले होते, यात शंका नाही.

अडले ते भावापाशी. त्या वर्षी एका शेअरमागे नफा १६ डॉलर ५६ सेंट, आणि डिसेंबरात शेअर नऊशेच्या पुढे! शंभर रुपये गुंतवावेत तर त्यामागे कंपनीची वर्षाची कमाई पावणेदोन-एक रुपये. बँक मुदतठेवीवर सात देत होती. कंपनीची कमाई वाढत जाईल, ठेवीचे व्याज वाढणार नाही, हे कबूल; पण किती वर्षांची वाढ आजच मोजून द्यायची?

मला वॉलमार्ट आठवले. १९९९ च्या अखेरीस त्याचाही भाव असाच नफ्याच्या पन्नासपटीवर गेला होता. पुढच्या बारा वर्षांत दुकानाचा नफा जवळजवळ तिप्पट झाला, आणि शेअर? तो जुना भाव ओलांडायला २०१२ साल उजाडले! धंदा कुठेच चुकला नव्हता.

शिवाय परदेशी शेअरच्या लाभांशातून अमेरिकेचे सरकार तिकडेच पंचवीस टक्के कापून घेते. रिझर्व्ह बँक पैसे पाठवू देते, त्याची अडचण नाही.

हे सारे मी हिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे दुकान चांगले, पण भाव परवडत नाही. हो ना?"

"हो."

"मग दोनच घ्या. बाकीचे बँकेत."

तसेच केले. भाचा आठवडाभर रुसला होता. दिवाळीला यंदा इकडे येतो आहे, आणि मामीसाठी तिकडून बदामाचे तीन मोठे डबे आणतो आहे म्हणे.