घरातलीच पुस्तकं, वर्षभराचा नेम



पाडवा जवळ आला की आपण घर आवरायला काढतो. माळ्यावरचे डबे उतरतात, गाद्यांना ऊन मिळतं, पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात. एक कपाट मात्र आपण वरवर फडकं मारून सोडून देतो. ते म्हणजे पुस्तकांचं. यंदा त्याच्यापासूनच सुरुवात करा, असं मी सांगणार आहे.

मलकापूर-नांदुरा रस्त्यावरच्या आमच्या वडनेर भोलजीच्या घरी परवा मी हेच केलं. चौसष्ट पुस्तकं निघाली. लग्नात आहेर म्हणून आलेली, मुलांना बक्षीस मिळालेली, अकोल्याच्या प्रदर्शनातून हौसेनं आणलेली. त्यांतली मी न वाचलेली किती असतील? एक्केचाळीस! स्वयंपाकघरात एक्केचाळीस डबे न उघडता पडून राहिले असते, तर आपल्याला झोप लागली असती का?

त्या ढिगात सासूबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ होतं. एकतिसाव्या पानावर एस.टी.चं जुनं तिकीट खुणेला घातलेलं. तिथून पुढं पान उलटलेलं नाही. मला आठवतं, मी नवी नवरी असताना त्यांना विचारलं होतं, “आई, पुढं वाचत का नाही?” तर म्हणाल्या, “सवड व्हईल तवा वाचीन व माय.” परवा पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मोतीबिंदू काढला तरी पडद्याच्या दुखण्यानं त्यांना आता अक्षर जुळत नाही. पुस्तकावरून हात फिरवत म्हणाल्या, “आता सवड हाये, पण डोये नाईत.”

म्हणून हा लेख.

सवड मिळत नसते, ती काढावी लागते, हे आपण मुलांना सांगतो, स्वतःला सांगत नाही. बरं, वेळच नाही म्हणावं तर श्रावणात पोथी कशी वाचून होते? ‘गजानन विजय’चे एकवीस अध्याय आपल्याकडच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं वाचतात. त्याचं गुपित सोपं आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, रोजचा अध्याय ठरलेला. आणि घरच्यांनाही ठाऊक असतं की ती पोथीला बसली आहे, हाक मारायची नाही. त्याच बाईच्या हातात कादंबरी दिसली की मात्र, “रिकामीच आहेस ना? जरा चहा टाक!” तेव्हा आपल्या वाचनालाही पोथीसारखा नेम लावायचा. घरात एकदा जाहीर करून टाकायचं की दुपारी तीन ते साडेतीन मी वाचते. चार दिवस चेष्टा होईल, पाचव्या दिवसापासून सवय होते.

आता हिशेब मांडू. रोज दहा पानं. भाजी शिजेपर्यंतचं आणि निजण्यापूर्वीचं मिळून एवढं सहज होतं. पाहुणे, आजारपण, सणवार यांचे पासष्ट दिवस सोडून द्या. उरलेल्या तीनशे दिवसांत तीन हजार पानं होतात. पुस्तक सरासरी दोनशे पानांचं धरलं तर पंधरा पुस्तकं. आपण यादी मात्र बाराचीच करायची. गाळा ठेवला की नेम मोडत नाही.

आधी कपाट रिकामं करा. पुस्तकं कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात ठेवलीत तर कागद पिवळा पडून तडकतो. ज्यांत कसर दिसेल ती बाजूला काढून पान न् पान झटका. कप्प्यात कडुनिंबाचा चांगला वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, म्हणजे पावसाळ्यात ओल लागत नाही.

मग तीन ढीग करा. पहिला, वाचायचाच आहे असा. दुसरा, कधीतरी पाहू असा. तिसरा, आपल्याला नकोच असा. तो वाचनालयाला किंवा शाळेला देऊन टाका. पहिल्या ढिगातून बारा नावं निवडून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. वही रोज हातात येते, यादी रोज दिसते.

यादी करताना जाडजूड पुस्तकांचीच रांग लावू नका. आपल्या कामाचं वर्ष पाहून पुस्तक नेमा. मी केलेली वाटणी अशी:

चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे आणि लग्नसराई. मन लागून वाचणं कठीण. तेव्हा सुटंसुटं वाचता येईल असं घ्यावं. पु. ल. देशपांडे यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ किंवा व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’. कुरडयांवर राखण करताना एक माणूस वाचून होतो.

ज्येष्ठ-आषाढात शाळा सुरू होतात, शेतावर पेरणीची गडबड. दुपारी घर शांत असतं. यात बारीक कादंबरी बसते. ‘बनगरवाडी’ किंवा विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’. दोन्ही आठ-पंधरा दिवसांत होतात.

चातुर्मासात जाड ग्रंथ काढा. नेम करायला आपल्याला हेच महिने सवयीचे. ‘मृत्युंजय’ कपाटात नाही असं घर विरळा. रोज दहा पानांनी गेलात तर दसरा-दिवाळीपर्यंत तो निघेलच. महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि नवरात्रातली गडबड वजा धरा. इरावती कर्वे यांचं १९६७ सालचं ‘युगान्त’ असेल तर त्यातली गांधारी, कुंती, द्रौपदी एकेक करून वाचा. कीर्तनात ऐकलेल्या बायकांपेक्षा या निराळ्या भेटतात.

कार्तिक-मार्गशीर्षात कापसाची वेचणी. वेचणारणींना चहा, जेवणं, मोजमाप. तेव्हा नवं काही धरायचं नाही. गेल्या वर्षीचा दिवाळी अंक काढायचा, रोज एक गोष्ट.

पौषात रात्री मोठ्या. हा महिना मी बायकांनी लिहिलेल्या आठवणींना ठेवला आहे. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं. लग्नानंतर त्या शिकल्या, तेही घरातल्या बायकांचा विरोध सोसून. आपल्याला कुणी शिकू नको म्हणालं नाही आणि आपण मात्र आपण होऊन पुस्तक मिटून ठेवलं! संक्रांतीला डबी-वाटीऐवजी दुसऱ्या ढिगातली पुस्तकं वाण म्हणून लुटता येतात, हेही सुचवून ठेवते.

माघ-फाल्गुनात मुलांच्या परीक्षा. मुलं अभ्यासाला बसली की टीव्ही आणि मोबाईल बंद करून आपणही पुस्तक घेऊन शेजारी बसावं. राहिलेलं या दोन महिन्यांत पुरं होतं.

आणि वर्षभर सोबतीला दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख. ज्या महिन्याचा त्याच महिन्यात वाचायचा, मग दारचा कडुनिंबही नव्यानं दिसतो.

दोन नियम आणखी. पन्नास पानांत मन लागलं नाही तर पुस्तक खुशाल मिटा. कढी फाटली तर ती पिऊन संपवायची असं थोडंच आहे? आणि घरातली तीन वाचून झाल्याशिवाय चौथं विकत घ्यायचं नाही. चाळिशी उलटली असेल तर डोळे तपासून घ्या. वाचताना डोकं दुखतं म्हणून वाचन सुटलं असं सांगणाऱ्या कितीतरी जणींना नुसता चष्मा हवा असतो.

न वाचलेलं पुस्तक किती वर्षं वाट पाहतं, हे आम्हा बुलढाण्याच्या बायकांना तरी कुणी सांगायला नको. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं ते १८८२ साली. पुण्यात छापलेलं लहानसं पुस्तक, किंमत नऊ आणे. सगळे दोष बायकांच्याच माथी का, हा त्यांचा सरळ सवाल. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण पुढं पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठं ते पुष्कळांच्या हाती आलं. त्र्याण्णव वर्षं! आमच्याच जिल्ह्यातल्या बाईचं पुस्तक, आणि ते माझ्याही एक्केचाळिसांत निघालं. यादीत पहिलं नाव तेच घातलं आहे.

‘स्मृतिचित्रे’ मात्र यादीत नाही. लक्ष्मीबाई टिळकही लग्नानंतरच लिहावाचायला शिकल्या होत्या. ते पुस्तक आम्ही दोघी वाचतो. दुपारी तीन वाजले की सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसतात, मी खाली चटईवर बसून मोठ्यानं वाचते. तिकीट एकतिसाव्या पानावरून काढलं. आता ते एकशे चारवर आहे. मधेच मी थांबले तर त्याच म्हणतात, “थांबू नको, अजून साडेतीन नाही वाजले.”

तुमच्या घरात असं तिकीट कुठल्या पानावर अडकून पडलं आहे, ते आज भांडी आवरून झाली की बघा. आणि उद्यासाठी दहा पानं नेमूनच झोपा.