हा रिपोर्ट एकट्या रुग्णाचा नाही

औषधांना दाद न देणारे जिवाणू सापडले की प्रयोगशाळांनी ते सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवलंच पाहिजे, असं म्हटलं की ठरलेले आक्षेप येतात. लोक घाबरतील. रुग्णालयाचं नाव खराब होईल. आधीच माणसं कमी, त्यात आणखी कागद. आणि सरकार त्या आकड्यांचं करणार काय?

भीती आणि बदनामी हे पहिले दोन आक्षेप मुळात एकच आहेत. २०१० साली ‘एनडीएम-१’ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) या, जिवाणूंना औषधांपासून वाचवणाऱ्या जनुकावरचा शोधनिबंध आला, तेव्हा आपल्याकडे सगळा राग नावातल्या दिल्लीवर निघाला, परदेशी रुग्ण येईनासे होतील, याचीच काळजी अधिक. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत ते जनुक सापडलं. इंग्लंडने उलट वाट धरली. रक्तातल्या ‘एमआरएसए’ या, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाची नोंद तिथे २००१ पासून सरकारी रुग्णालयांना सक्तीची झाली आणि आकडे रुग्णालयांच्या नावांसह जाहीर होऊ लागले. २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० संसर्ग नोंदले गेले होते; २००८-०९ मध्ये ते तीन हजारांच्या आत आले. नुसत्या नोंदीने हे झालं नाही. हात धुण्याची शिस्त, शिरेतल्या नळ्यांची निगा, ठरवून दिलेली उद्दिष्टं, हे सगळं त्यामागे होतं. पण कुठे काय चाललंय हे दिसतच नसतं, तर जाब कुणाला विचारणार होते?

आपल्याकडे काय होतं? कल्चरच्या प्लेटवर जिवाणूंचा थर आणि त्यावर अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या असतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकच्या चकतीला जिवाणू अगदी खेटून वाढलेले असले, की तंत्रज्ञाला काय ते कळतं. रिपोर्टवर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा) पडतो, पीडीएफ डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि विषय संपतो. समजा, तो रुग्ण सांगलीहून पुण्याच्या आयसीयूत हलवला. आतड्यातला क्लेब्सिएला हा जिवाणू त्याच्याबरोबर जातोच. रिपोर्ट जाईलच याची खात्री नाही. नव्या वॉर्डात तो जिवाणू परिचारिकेच्या हातावरून शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचू शकतो. आयसीएमआर आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची देखरेख आहे, पण ती निवडक प्रयोगशाळांपुरती.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. कल्चर बहुधा औषध फसल्यावरच पाठवलं जातं, त्यामुळे चित्र असतं त्याहून भयंकर दिसतं. खरंय. म्हणूनच फक्त ‘आर’ कळवून भागणार नाही. औषध लागू पडलेले निकालही त्याच यादीत हवेत, आणि एका रुग्णाची नोंद एकदाच व्हायला हवी.

कामाच्या बोजाचं उत्तर क्षयरोगाने देऊन ठेवलं आहे. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण असल्याचं सांगितलं आणि खळबळ उडाली. त्याच वर्षी ७ मे रोजी केंद्राने क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक केली, खासगी दवाखान्यांनाही. २०१३ मध्ये खासगी क्षेत्रातून जेमतेम ३८ हजारांच्या आसपास नोंदी आल्या. २०१८ मध्ये त्या पाच लाखांच्या पुढे गेल्या. त्यासाठी नोंदणीचं ‘निक्षय’ पोर्टल लागलं, मदतीला माणसं लागली, पैसा लागला. सरकारने फुकटात सक्ती करू नये, ही लॅबवाल्यांची तक्रार रास्तच आहे. प्रयोगशाळांचे असे निकाल नोंदवणारी ‘व्हो-नेट’सारखी मोफत संगणकप्रणाली उपलब्ध असताना तांत्रिक अडचणीची सबब मात्र पटत नाही.

महाराष्ट्राने रक्ताच्या कल्चरपासून सुरुवात करावी: क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूंचे कार्बापेनेमचे सगळे निकाल, दाद देणारे आणि न देणारे, रुग्णाचं नाव झाकून, जिल्हानिहाय, आणि दर तीन महिन्यांनी आकडे परत कल्चर पाठवणाऱ्या डॉक्टरांच्याच हातात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आदेशाची वाट न पाहता ही मागणी आपणहून करावी.